अ‍ॅडास असलेल्या गाड्यांच्या तक्रारी: कोल्हापूरच्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅडास म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून चालकाला इशारा देणारी, गरज पडली तर स्वतः ब्रेक लावणारी किंवा स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा. तिच्यामुळे गाडी मधूनच ब्रेक मारते, स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं, दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या दारात गेलं की विझतो. अशा बहुतेक तक्रारींचं कारण सापडतं. मात्र शोध क्रमाने घ्यावा लागतो आणि घडलेलं त्याच दिवशी लिहून ठेवावं लागतं. खालची उत्तरं पुणे–बंगळुरू महामार्ग, आपले घाट आणि उसाचा हंगाम डोळ्यापुढे ठेवून दिली आहेत. आकडे मॉडेलप्रमाणे थोडेफार बदलतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

रस्ता मोकळा असताना गाडी अचानक ब्रेक का मारते?

आधी यंत्रणा कशी बघते ते लक्षात घ्या. आतल्या आरशामागे काचेला लागून कॅमेरा असतो. समोर कार आहे, ट्रक आहे, दुचाकी आहे की माणूस, हे तो ओळखतो. पुढच्या बंपरमागे किंवा लोगोमागे साधारण ७७ गिगाहर्ट्‌झचं रडार असतं. समोरची वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतेय, हे ते मोजतं. होंडा सिटी, एलिव्हेट अशा काही गाड्यांत पुढचं सगळं काम एकट्या कॅमेऱ्यावर चालतं. आपल्या गाडीत काय आहे हे माहीत नसेल तर पुढची निम्मी चर्चा वाया जाते, म्हणून ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

रडारला अंतर आणि वेग चांगला कळतो, उंची आणि आकार मात्र नीट कळत नाही. महामार्गावरच्या फलकाची लोखंडी कमान, पुलावरचा लोखंडी सांधा, डायव्हर्जनला लावलेले पत्रे यांच्यावरून जोरदार लहर परत आली की काही वेळा यंत्रणा त्यालाच अडथळा समजते.

दुसरं कारण वळणाचं, आणि आपल्याकडे तेच जास्त दिसतं. गाडी पुढे कुठे जाणार हे यंत्रणा स्टिअरिंगच्या कोनावरून आणि गाडी किती वळतेय त्यावरून ठरवते. वळण सुरू होण्याआधी स्टिअरिंग सरळच असतं. त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या कडेला उभा असलेला ट्रक तिच्या हिशेबाने थेट समोर येतो. जोतिबा किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक लागल्याच्या तक्रारींमागे हे असू शकतं.

तिसऱ्या प्रकारात अडथळा खरा असतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावजवळ सर्व्हिस रोडवरून दुचाकी तिरकी घुसते. ती निघून जाणार हे तुम्हाला वर्षानुवर्षांच्या सवयीने कळतं, गाडीला कळत नाही. हा बिघाड नव्हे. इशाऱ्याची संवेदनशीलता सेटिंगमध्ये ‘उशिरा’ किंवा ‘मध्यम’ केली की हे बरंच कमी होतं.

चौथं कारण म्हणजे सेन्सर तिरका झालेला असणं. सेन्सर १ अंशाने जरी सरकला तरी ५० मीटरवर साधारण ८७ सेंटिमीटरचा आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. लेनची रुंदी साडेतीन मीटर. म्हणजे अर्धी लेनच चुकली, आणि शेजारच्या लेनमधला ट्रक ‘समोर’ दिसायला लागला. पार्किंगमध्ये बंपरला हलकासा धक्का बसला, ओरखडाही दिसत नाही, पण आतला ब्रॅकेट वाकला, एवढंही त्याला पुरतं.

असा ब्रेक लागला तर त्या क्षणी काय करायचं?

समोर खरंच काही नाही याची खात्री असेल तर अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबा. बहुतेक गाड्यांत चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला किंवा स्टिअरिंग वळवलं की यंत्रणा माघार घेते. किती दाबावं लागतं ते गाडीगणिक वेगळं आहे. खरा धोका मागून असतो. मागे लोड केलेला ट्रक चिकटून येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. अ‍ॅडास असलेल्या गाडीच्या चालकाने ही सवय लावून घेतलीच पाहिजे.

उसाचा ट्रॅक्टर समोर असताना गाडी इशाराच देत नाही. यंत्रणा बंद पडली आहे का?

बहुधा नाही, पण हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

कॅमेऱ्याला वाहनं ओळखायला शिकवलेलं असतं ते मुख्यतः वाहनांच्या मागच्या बाजूच्या चित्रांवरून: दोन दिवे, नंबर प्लेट, खाली टायर, सावली, चौकोनी आकार. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर काय असतं? दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस आणि पाचट. त्यात वाहनाच्या मागच्या बाजूचा ओळखीचा आकार उरतच नाही. ट्रॉलीचं लोखंड रडारला दिसू शकतं, पण बाहेर आलेल्या उसावरून लहर विखरून जाते आणि परावर्तन कमकुवत येतं. त्यामुळे यंत्रणा जे अंतर धरते ते लोखंडापर्यंतचं. उसाचं टोक त्याच्या कितीतरी अलीकडे असतं. बैलगाडीची गत याहून वाईट.

भर म्हणून वेगातला फरक. ट्रॅक्टर १५–२० च्या वेगाने चाललेला असतो आणि तुम्ही ८० ने येता. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (ठरवलेला वेग आणि पुढच्या वाहनापासूनचं अंतर आपोआप राखणारी यंत्रणा) चालत्या वाहनामागे चांगलं काम करतं, पण थांबलेल्या किंवा जवळजवळ थांबलेल्या वस्तूंकडे बऱ्याच गाड्यांची यंत्रणा जास्त वेगात मुद्दाम दुर्लक्ष करते. तसं केलं नाही तर प्रत्येक फलकाला आणि खांबाला ती ब्रेक मारत सुटेल. मॅन्युअलमध्ये ‘स्थिर वाहने ओळखली जाण्याची खात्री नाही’ अशा अर्थाचं वाक्य असतं, ते याचसाठी.

आता हिशोब बघा. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर कडक ब्रेक लावला तर थांबायला साधारण ३१ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ५० च्या आसपास. त्याआधी तुम्हाला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद, म्हणजे २२ ते ३३ मीटर. एकूण ८० मीटरपर्यंत गेलं. लो बीममध्ये बिनदिव्याची ट्रॉली इतक्या लांबून दिसत नाही. यंत्रणेने शेवटच्या क्षणी ब्रेक लावला तरी धडकेचा वेग कमी होईल, धडक टळेलच असं नाही.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात, अंधार पडल्यावर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर क्रूझ लावू नका. वेग ५०–६० वर आणा. हाय बीम आपोआप बदलणारी यंत्रणा समोरून ट्रॅक्टरचा एकच दिवा आला तरी बीम खाली घेते. ती बंद करून बीम हाताने वापरणं या काळात बरं. रस्त्यावर सांडलेला ऊस किंवा बंद पडलेली ट्रॉली राष्ट्रीय महामार्गावर दिसली तर १०३३ वर कळवा.

दसऱ्याला पूजा केल्यापासून ‘पुढचा सेन्सर अडला आहे’ असा संदेश येतो.

हार काढा. लोगोवर किंवा बंपरच्या मधोमध लोंबणारी झेंडूची माळ बरोबर रडारच्या समोर येते, आणि ओल्या फुलांतलं पाणी लहर शोषून घेतं. लिंबू-मिरचीची तारही तिथे बांधू नये. हार घालायचाच तर बॉनेटवर मागच्या बाजूला घाला आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी उतरवा. माळ काढून, जागा ओल्या फडक्याने पुसून, गाडी १०–१५ मिनिटं चालवली की संदेश जायला हवा. तरी राहिला तर माळ बांधताना लोगोचं कव्हर हललं का बघा.

याच कारणासाठी बंपर गार्ड नको. पुढचे लोखंडी गार्ड २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बेकायदेशीर ठरवले. रडारच्या गाडीत तर ते सेन्सरच्या थेट समोर येतात. शिवाय धडकेचा झटका एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत वेगळ्या पद्धतीने पोहोचतो.

बंपर रंगवताना जास्त काळजी घ्या. रडारसमोरच्या भागावर पुट्टी भरून जाड थर दिला, किंवा धातूचे कण असलेला मेटॅलिक रंग दोन-तीनदा मारला, तर लहर अडते किंवा वाकते. बाहेरून काम सुबक दिसतं, दोष आत राहतो. पेंटरला कामाआधीच सांगा की या भागात पुट्टी नाही. तो भाग फुटला असेल तर दुरुस्ती न करता कव्हर नवीन घ्या. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांनाही हेच लागू. ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूवर नजर ठेवणारी रडारं तिथेच असतात, आणि लोक नेमके तिथेच मोठे स्टिकर लावतात.

पुढची काच बदलली आणि तेव्हापासून कॅमेरा बिनसला. काय राहिलं असेल?

कॅलिब्रेशन, म्हणजे ‘सरळ समोर’ कुठे आहे ते कॅमेऱ्याला पुन्हा शिकवणं. काच बदलताना कॅमेरा काढून परत बसवला जातो, आणि तो आधीच्याच कोनात बसेल असं कधीच गृहीत धरता येत नाही. नवीन काचेची जाडी, ब्रॅकेटची जागा, चिकटवणाऱ्या पदार्थाचा थर, यात मिलिमीटरचा फरक असला तरी पुढे लांबवर तो मोठा होतो.

कॅलिब्रेशन दोन प्रकारचं असतं. पहिलं वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर. समोर ठरावीक नक्षीचा फलक कंपनीने दिलेल्या अंतरावर आणि उंचीवर, गाडीच्या मध्यरेषेला बरोबर काटकोनात लावतात आणि स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) कॅमेऱ्याला ‘हे सरळ समोर’ असं शिकवतात. दुसरं रस्त्यावर. स्कॅनर जोडून, पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने गाडी चालवतात आणि कॅमेरा स्वतः जुळवून घेतो. काही गाड्यांना एकच पुरतं, काहींना दोन्ही लागतं.

पहिल्या प्रकारात काय चुकतं ते नीट बघा, कारण तुम्ही समोर उभं राहून ते तपासू शकता. जमीन सपाट हवी. चढ-उताराच्या अंगणात किंवा पिटवर केलेलं कॅलिब्रेशन उपयोगाचं नाही. चारही टायरमध्ये दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेली हवा हवी. डिकी रिकामी हवी: एक गव्हाचं पोतं आणि स्टेपनीशेजारचा पाण्याचा कॅन एवढ्यानेही मागची बाजू बसते आणि कॅमेरा वर बघायला लागतो. फलकामागे उन्हाची खिडकी किंवा चकाकणारी भिंत नको. काच आतून-बाहेरून स्वच्छ हवी. व्हील अलाइनमेंट आधी, कॅलिब्रेशन नंतर. उलट केलं तर पैसे दोनदा जातात. काच चिकटवल्यावर ती पूर्ण धरेपर्यंत थांबावं लागतं. किती तास, ते चिकटवणाऱ्या पदार्थाच्या डब्यावर लिहिलेलं असतं.

काम झाल्यावर ‘कॅलिब्रेशन यशस्वी’ असा छापील अहवाल, त्यावर तारीख, किलोमीटर आणि गाडीचा चासी नंबर, एवढं घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. ‘चालवाल तसं आपोआप सेट होईल’ हे काही मॉडेलांत खरं आहे, सगळ्यांत नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्याकडे काच बसवू नका.

काचेशिवायही कॅलिब्रेशन लागतं: पुढचा बंपर काढून बसवला, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा बदलल्या, गाडी उंच केली किंवा टायरचा आकार बदलला, तरी.

काचेचा विमा क्लेम करताना कॅलिब्रेशनचा खर्च मिळतो का?

काचेवर घसारा कापला जात नाही. अनिवार्य वजावट मात्र कापली जाते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,०००. कॅलिब्रेशन एस्टिमेटमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहणी करण्याआधी ती ओळ असेल याची खात्री करा. नंतर जोडलेल्या खर्चावरूनच वाद होतात. साधी, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट नसलेली स्वस्त काच बसवून ब्रॅकेट वेगळा चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर ठाम नकार द्या.

लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा स्टिअरिंग चुकीच्या बाजूला ओढते.

ती फक्त पट्टे वाचते. महामार्गाच्या सहापदरीकरणात डायव्हर्जनवर जुने पट्टे खरवडलेले असतात, पण पूर्ण गेलेले नसतात. पावसात आणि तिरप्या उन्हात ते नव्या पट्ट्यांपेक्षा जास्त चमकतात. कॅमेरा त्यांनाच धरतो. डांबराच्या दोन थरांमधली लांब भेग, वाहून आलेल्या मातीची कड, पुलाच्या कठड्याची सावली, यांनाही तो कधीकधी पट्टा समजतो.

यातली बरीच ओढाताण इंडिकेटर न देण्याने होते. इंडिकेटर दिला की यंत्रणा लेन बदलू देते. न देता खड्डा चुकवायला उजवीकडे घेतलं तर ती तुम्हाला परत खड्ड्यात आणते. काम चालू असलेल्या पट्ट्यात ही यंत्रणा बंद ठेवा. सरळ, चांगल्या पट्ट्यांच्या रस्त्यावरही गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर ती बंद करून बघा. तरीही ओढली तर दोष अ‍ॅडासमध्ये नाही, टायरची हवा, अलाइनमेंट किंवा ब्रेक चिकटणं यात आहे. बंद केल्यावर थांबली तर कॅलिब्रेशन तपासा, आणि त्याबरोबर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर. अलाइनमेंट करून झाल्यावर तो स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो आणि बाहेरच्या अलाइनमेंट सेंटरवर हे हमखास राहून जातं.

आंबा घाट, करुळ, फोंडा इथे काय चालू ठेवावं?

आपोआप ब्रेक चालू. इशाऱ्याची वेळ उशिराची. लेनची यंत्रणा बंद. क्रूझ कुठलंही असो, बंद: वळणावर पुढचं वाहन रडारच्या टप्प्यातून बाहेर गेलं की रस्ता मोकळा समजून गाडी वेग धरते, आणि ते उतारावर फार वाईट. धुक्यात कॅमेरा आंधळा होतो आणि बहुतेक वेळा तसं सांगतोही. पण संदेश आला नाही म्हणजे त्याला दिसतंय असं धरू नका.

पावसाळ्यात ‘कॅमेरा तात्पुरता उपलब्ध नाही’ असं रोज येतं. हा दोष मानायचा का?

गगनबावड्याकडच्या मुसळधार पावसात दहा-वीस मिनिटं यंत्रणा बंद पडणं अपेक्षित आहे. पाऊस थांबल्यावर, काच पुसल्यावरही अर्धा तास ती परत येत नसेल तर मात्र बघा. आधी वायपर: कॅमेऱ्यासमोरच्या पट्ट्यात ते पाण्याची रेघ सोडत असतील तर रबर बदला. मग आतली बाजू. कॅमेऱ्याच्या कव्हरमध्ये काचेला आतून वाफ धरते आणि तिथे हात पोहोचत नाही. एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडली की ती जाते. डॅशबोर्डवर पांढरा रुमाल, चकाकणारी चटई किंवा मूर्ती असेल तर तिचं प्रतिबिंब नेमकं कॅमेऱ्यासमोर पडतं. आरशाला टांगलेली जपमाळही काढा. आणि कॅमेऱ्यासमोरच्या भागावर कुठलीही फिल्म नको. तशीही पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे असा नियम आहे.

टायरच्या हवेचा दिवा सकाळी लागतो, दुपारी जातो.

हवा कमी आहे. तापमान ५–६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआय उतरतो. दिवा बहुधा शिफारशीच्या २० ते २५ टक्के खाली गेल्यावर लागतो. म्हणजे दुपारी गरम टायरमध्ये भरलेली हवा थंडीतल्या पहाटे कमी पडते. पहाटे, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना भरा. व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नसलेल्या गाड्यांत चाकांच्या फिरण्यावरून अंदाज काढला जातो. तिथे हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबलंच पाहिजे, नाहीतर ती जुन्याच हिशेबाने ओरडत राहते.

एकदम चार-पाच दिवे लागले: एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), स्थिरता (गाडी घसरू न देणारी), अ‍ॅडास, सगळंच.

एवढे भाग एकाच वेळी खराब होत नाहीत. त्यांना जोडणारं काहीतरी गेलेलं असतं. आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सकाळी १२.२ च्या खाली असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं पडतं की कंट्रोल युनिट गोंधळतात. दुसरं, चाकाच्या वेगाचा सेन्सर. चिखल, लोखंडी कीस किंवा तुटलेली वायर यामुळे एका चाकाचा सिग्नल गेला की एबीएस, स्थिरता आणि क्रूझ एकदम बंद पडतात. तिसरं, उंदीर. शेतवस्तीवर किंवा गोठ्याशेजारी उभ्या गाडीत हे कारण पहिलं मानावं. बॉनेट उघडून वायरिंगवर दातांचे व्रण आणि लेंड्या बघा. कुरतडलेली वायर टेप लावून चालवू नका. सेन्सरच्या वायरला कंपनीच्या पद्धतीने जोड द्यावा लागतो.

उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्याने स्कॅन केलं, ‘कोड नाही’ म्हणाला.

कोड म्हणजे बिघाड झाल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पडणारी नोंद. इथे दोन शक्यता आहेत. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. अ‍ॅडासचे कोड ‘सी’, ‘बी’ किंवा ‘यू’ने सुरू होतात आणि त्यांना कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो.

दुसरी शक्यता जास्त महत्त्वाची. विनाकारण ब्रेक लागला तरी कोड पडत नाही, कारण यंत्रणेच्या मते तिने बरोबरच काम केलं. तिला अडथळा दिसला, तिने ब्रेक लावला, नोंद करण्यासारखा बिघाड काही झालाच नाही. म्हणून ‘कोड नाही, म्हणजे गाडी ठीक’ हा निष्कर्ष इथे चुकीचा आहे. अशा वेळी सेन्सरचा प्रत्यक्ष कोन, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तुमची नोंद, यावरूनच पुढे जाता येतं.

मग तक्रार लिहून कशी द्यायची?

जॉबकार्डवर अ‍ॅडव्हायजर ‘अ‍ॅडास चेक’ एवढंच लिहितो. त्यावर काहीच होत नाही. तुमचे शब्द घालायला सांगा. नमुना असा:

‘दि. १२ रोजी सकाळी ७.४० वा., किणी टोलनाक्याकडून कोल्हापूरकडे, उजव्या लेनमध्ये. वेग ७८. क्रूझ बंद. कोरडा रस्ता, ऊन मागून. पुढे १०० मीटरपर्यंत वाहन नाही. डाव्या लेनमध्ये ट्रक. आवाज झाला आणि लगेच जोरात ब्रेक लागला, वेग ५० पर्यंत आला. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सुटला. डॅशकॅमचं चित्रीकरण आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य तंत्रज्ञाला एकेक कारण वगळायला मदत करतं. क्रूझ बंद असल्याने ब्रेक क्रूझचा नव्हता. ऊन मागून असल्याने कॅमेरा दिपलेला नव्हता. डावीकडे ट्रक असल्याने रडार डावीकडे कललं आहे का, हे आधी बघावं. फक्त आवाज झाला, हलका झटका बसला की पूर्ण ब्रेक लागला, हेही नक्की लिहा.

गाडी परत घेताना तीन कागद मागा: आधीचा आणि नंतरचा स्कॅन अहवाल, सॉफ्टवेअर बदललं असेल तर जुनी-नवी आवृत्ती, आणि काय तपासलं ते लिहिलेलं बिल, मग ते शून्य रुपयांचं असलं तरी. डॅशकॅमचं मूळ कार्ड काढून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत पुरावा म्हणून दुबळी. पुढे ते कुठे दाखल करायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

अशा तक्रारी फक्त आपल्याच रस्त्यांमुळे येतात का?

नाही. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने फेब्रुवारी २०२२ मध्ये विनाकारण लागणाऱ्या ब्रेकबद्दल दोन चौकशा उघडल्या: टेस्लाच्या मॉडेल ३ आणि वाय बद्दल ३५४ तक्रारींवरून, आणि होंडाच्या अकॉर्ड व सीआर-व्ही बद्दल २७८ तक्रारींवरून. त्या गाड्या लाखोंनी विकल्या गेलेल्या होत्या. काही शे मालकांनी लिहून दिलं, म्हणून चौकशी उघडली.

वर्कशॉप तिसऱ्यांदा ‘हे नॉर्मल आहे’ म्हणतं. पुढे कुठे जायचं?

पहिलं, कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल. त्यात तिन्ही जॉबकार्डांच्या तारखा, आणि एकच मागणी: कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्यासोबत रस्त्यावर चाचणी. फोनवरच्या बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही.

दुसरं, परिवहन मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर नोंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सदोष वाहनं परत बोलावण्याचा आदेश देता येतो. संबंधित नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू होतात. तुमच्या एकट्याच्या नोंदीने आदेश निघणार नाही. पण नोंदींची संख्या हाच तिथला निकष आहे, म्हणून त्याच मॉडेलच्या इतर मालकांनाही नोंद करायला लावा.

तिसरं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

चौथं, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर कोल्हापुरातच दाखल करता येतं, गाडी पुण्यातून घेतलेली असली तरी. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. शुल्क १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,०००. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि वर्कशॉपच्या चकरांत ती कधी संपते ते कळत नाही. दोष केवळ बघून ठरत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे तपासायला पाठवू शकतो. अर्जातच तशी विनंती करा. टॅक्सी स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा चालकही कायद्याने ग्राहक आहे.

यंत्रणेने ब्रेक लावला नाही म्हणून अपघात झाला तर जबाबदार कोण?

पोलिसांच्या दृष्टीने चालक. आज आपल्याकडे विकली जाणारी यंत्रणा चालकाला मदत करणारी आहे, त्याच्या जागी बसणारी नाही. ‘गाडीने थांबायला हवं होतं’ हा बचाव चालत नाही. उत्पादनातल्या दोषाची भरपाई कंपनीकडून मागण्याचा हक्क वेगळा आहे आणि तो शाबूत राहतो. पण त्यासाठी गाडी तपासणीआधी दुरुस्त करू नका आणि स्कॅन अहवाल गाडी हलवण्याआधी काढून घ्या.

एवढा त्रास असेल तर सगळं बंदच ठेवलं तर?

लेनची यंत्रणा बंद ठेवा, हरकत नाही. आपोआप ब्रेक मात्र बंद करू नका. गर्दीत समोरची गाडी अचानक थांबते आणि आपली नजर क्षणभर बाजूला असते, तिथे तो खरोखर उपयोगी पडतो. शहरातल्या कमी वेगात त्याचं काम सगळ्यात भरवशाचं आहे. बऱ्याच गाड्यांत बंद केलेली सेटिंग पुढच्या स्टार्टला परत चालू होते, तो बिघाड नाही.

पार्किंग सेन्सर काही नसताना वाजत राहतात.

चिखल पुसा. मग कान सेन्सरजवळ नेऊन ऐका: चालू सेन्सरमधून बारीक टिकटिक येते, मेलेल्यातून येत नाही. वरून रंगाचा जाड थर बसलेला सेन्सर बहुधा बदलावा लागतो.

अ‍ॅडास असलेली जुनी गाडी घेताना काय बघावं?

पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का आणि उत्पादन वर्ष बाकीच्या काचांशी जुळतं का बघा. जुळत नसेल तर काच बदलली आहे, कॅलिब्रेशनचा अहवाल मागा. लोगो आणि बंपरच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. इग्निशन चालू केल्यावर अ‍ॅडासचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर दोष लपवायला तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मग शियेच्या पुढे सरळ महामार्गावर पाच किलोमीटर चालवून लेन, क्रूझ आणि ब्लाइंड स्पॉट तिन्ही प्रत्यक्ष बघा, आणि सौदा ठरण्याआधी पूर्ण स्कॅन करून घ्या.